देवळांची आणि वाघांची सहल

अरण्याची सहल करून परतलेल्या माणसाने उंबरठा ओलांडला की घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो 'वाघ दिसला का?' हाच. देवस्थानाहून परतलेल्यासही असाच एक ठरलेला प्रश्न असतो : 'दर्शन नीट झाले ना?' दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि त्या एका शब्दावरून साऱ्या सहलीचे यशापयश ठरविले जाते. वाघ दिसला तर पैसे वसूल झाले, न दिसला तर पाण्यात गेले! हिशेबाची ही रीत सोपी खरी. परंतु तिच्यापायी बरेच काही पाहावयाचे राहून जाते. जालना जिल्ह्यातील एखाद्या मंडळीने प्राचीन देवळे आणि रानातला वाघ अशी दुहेरी सहल आखावयाची ठरविली, तर ती कशी आखावी आणि तिच्यात काय पाहावे, याचा विचार म्हणूनच आधी करून ठेवणे इष्ट होय.

अशी सहल आज अवघड राहिलेली नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जालन्याहून विदर्भात जाणे पूर्वीपेक्षा पुष्कळच सुकर झाले. पंधरा-वीस जणांनी मिळून एक गाडी ठरवावी, सिंदखेडराजावरून लोणारला जावे, मेहकरजवळ महामार्ग धरून चंद्रपूर गाठावे, तेथून वैनगंगेच्या काठचे मार्कंडादेव पाहावे आणि शेवटी ताडोब्याच्या अरण्यात शिरावे, हा बेत पाच दिवसांत बसतो. मात्र तत्पूर्वी एक दिवस घरच्याच जिल्ह्यासाठी राखून ठेवावा. दूरचे पाहावयास निघालेल्या माणसाने जवळचे पाहिलेले असले, म्हणजे दूरचे अधिक चांगले समजते.

जालन्याच्या उत्तरेस भोकरदन आहे. हेच प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपास ज्या गावच्या लोकांनी दाने दिली, त्या गावांत भोगवर्धनाचे नाव कोरलेले आढळते; म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही येथील माणसे पदरमोड करून दूरच्या तीर्थास जात होती. याच तालुक्यात अन्वा या गावी काळ्या दगडाचे एक जुने देऊळ उभे आहे. गावकरी त्यास मढ म्हणतात. ते साधारणपणे बाराव्या शतकातील मानले जाते. शिखर आज उभे नाही, पुष्कळ मूर्तींची झीज झाली आहे. त्यामुळे घाईने आलेला प्रवासी एक प्रदक्षिणा घालतो, गाभाऱ्यातील शिवलिंगास हात जोडतो आणि 'पडके देऊळ आहे' असे म्हणून गाडीत जाऊन बसतो.

परंतु हाच प्रवासी घटकाभर थांबला तर देऊळ त्यास आपली हकीकत सांगू लागते. प्रथम त्याने भिंतीचा आकार पाहावा. ती सरळ नाही. तिला एकामागून एक कोन फुटलेले आहेत. एक चौरस कागदावर काढावा, त्याचा मध्य न हलविता तो थोडा थोडा फिरवावा आणि प्रत्येक वेळी बाहेर आलेले कोपरे जोडावे, म्हणजे जी चांदणीसारखी आकृती तयार होते, तिला तारकाकृती म्हणतात. त्या काळच्या स्थपतींना ती प्रिय होती. सपाट भिंतीवर ऊन एकसारखे पडते. कोनांच्या भिंतीवर मात्र प्रत्येक प्रहराला उजेडाचा एक पट्टा आणि सावलीचा एक पट्टा असा खेळ चालतो. ज्यास हा खेळ पाहावयाचा असेल, त्याने माध्यान्हीच्या उन्हात जाऊ नये. सकाळी अथवा कलत्या उन्हात जावे.

दुसरी गोष्ट मूर्तींची. गाभाऱ्यात शिवलिंग असले तरी बाहेरच्या भिंतीवरील देवता वैष्णव आहेत, आणि त्यावरून हे देऊळ मुळात विष्णूचे असावे असे अभ्यासक मानतात. विशेष हा की, कोनाड्यांतून विष्णूच्या नव्हे, तर विष्णूच्या शक्तींच्या म्हणजे स्त्रीरूपांच्या मूर्ती आहेत. त्या ओळखण्याची किल्ली संध्या केलेल्या घरांतून आजही ठाऊक असते. केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावे आहेत, ती उगाच चोवीस नाहीत. चार हातांत शंख, चक्र, गदा व पद्म ही चार आयुधे धरावयाची. पहिल्या हातात चारांपैकी कोणतेही एक येईल, दुसऱ्यात उरलेल्या तिहींपैकी एक, तिसऱ्यात दोहोंपैकी एक, आणि चौथ्यात शेवटचे. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे चोवीस. आयुधांचा क्रम बदलला की नाव बदलते. चौथीतल्या मुलालाही हा गुणाकार करता येतो. आणि तो करून दिला म्हणजे तेच मूल प्रत्येक कोनाड्यापुढे उभे राहून हात मोजू लागते. मग त्यास देऊळ पडके दिसत नाही.

तिसरी गोष्ट नावाची. दगडावर दगड बसवून, चुन्यावाचून उभारलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की महाराष्ट्रात त्यास सरसकट हेमाडपंती म्हणण्याची चाल आहे. हेमाद्रि अथवा हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेरावे शतक. अन्व्याचे देऊळ त्याच्याहून जुने ठरते. ही बांधणी त्याच्या आधीपासून चालत आली होती. नाव मात्र त्याचे पडले. ही देवळे चुन्याने नव्हे, तर दगडाच्या वजनाने आणि एका दगडाची खोबण दुसऱ्यात नेमकी बसल्याने उभी आहेत. म्हणूनच एखाद्याने भिंतीतील सैल दगड हलविला, किंवा चढून वर उभे राहून छायाचित्र घेतले, तर तो केवळ एका दगडाला धक्का लावीत नाही. ज्या तोलावर आठशे वर्षे सारे टिकले आहे, त्या तोलालाच धक्का लावतो.

अन्व्याहून अजिंठ्याची लेणी दूर नाहीत, आणि याच ठिकाणी देवळांचा व वाघांचा धागा एकत्र येतो. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीस म्हणून वाघूर नदीच्या खोऱ्यात आला असता त्यास झाडीने झाकलेले लेणे दिसले. आपले नाव व तारीख त्याने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील खांबावर कोरून ठेविली. कोरले ते वाईटच केले. पण त्या अक्षरांवरून एक गोष्ट कळते. दोनशे वर्षांपूर्वी या डोंगरांत वाघ होता. आज जालन्याच्या माणसास वाघ पाहावयास पुष्कळ दूर जावे लागते.

आता मुख्य सहलीकडे वळू. तिचा पहिला मुक्काम लोणार. तेथील सरोवर हे काळ्या खडकात उल्कापाताने पडलेले विवर होय. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क लढविले गेले. पुढे परीक्षेत आढळले की, पाणी आटून खारटपणा वाढला म्हणजे वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. विवराच्या कडेने देवळे आहेत, आणि लोणार गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे. विष्णूने लवणासुरास मारले ती कथा येथली. गावचे पाणी खारट आणि दैत्याचे नाव लवण, हा योग ध्यानात घेण्याजोगा आहे. हेही देऊळ तारकाकृतीच आहे. ज्यांनी अन्वा पाहिले असेल, त्यांस येथे कोणी सांगावे लागणार नाही. आत काळोख असतो, आणि पाहण्यासारखे पुष्कळसे छतावर आहे. तेव्हा आत शिरल्यावर दोन-चार मिनिटे स्वस्थ उभे राहावे. डोळे काळोखास सरावले की छतावरील आकृती एकेक करून प्रकट होतात.

दुसरा मोठा मुक्काम मार्कंडादेव. चंद्रपूरहून मूलमार्गे जाऊन गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात हे स्थान लागते. यमाच्या पाशातून शंकराने ज्यास सोडविले, त्या मार्कंडेयाच्या नावाचे हे क्षेत्र. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते म्हणून भाविक त्यास विशेष पवित्र मानतात. एका आवारात अनेक लहानमोठी देवळे असून मुख्य देवळाच्या भिंतींवर मूर्तींचे थरावर थर आहेत. १८७३-७४ च्या सुमारास अलेक्झांडर कनिंगहॅमने या देवळांची पाहणी करून त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. ज्यास यात्रा करावयाची असेल त्याने तेव्हा जावे; ज्यास मूर्ती पाहावयाच्या असतील त्याने ते दिवस टाळावे.

आणि मग ताडोबा. हे नाव एका देवाचे आहे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. तारू नावाचा गोंडांचा एक प्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मारला गेला, आणि लोक त्यास देव मानू लागले, अशी कथा आहे. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे व पौष महिन्यात तेथे आदिवासी भाविकांच्या यात्रेची परंपरा आहे. तेव्हा देवळे पाहत आलेल्या मंडळीस येथेही एक देवस्थान भेटते; त्यास कळस नाही, नक्षीचे खांब नाहीत, पण वाघाबरोबर एका रानात राहावयाचे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले त्यांनी ते मांडले आहे.

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने. अंधारी नदीच्या नावाचे अभयारण्य १९८६ मध्ये झाले, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. सागवान आणि बांबू यांचे हे शुष्क रान. थंडीत झाडी दाट असते व हवा सुखाची असते. उन्हाळ्यात पाने झडतात, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर जनावरे येतात. वाघ दिसण्याचा संभव म्हणून उन्हाळ्यात अधिक. परंतु चंद्रपूरचा उन्हाळा वयस्क माणसांनी सहन करण्याजोगा नसतो. दोन्हींचा मेळ घालावयाचा तर फेब्रुवारीची अखेर व मार्चचा आरंभ हा काळ बरा. पावसाळ्यात १ जुलैपासून सप्टेंबरअखेर गाभ्यातील फेऱ्या बंद असतात. मंगळवारीही गाभा बंद असतो. बेत आखताना वार न पाहिल्याने मंगळवारी मोहर्लीच्या दारात ताटकळण्याची पाळी येऊ शकते. बुकिंग आधी करावे, प्रत्येकाने आपले ओळखपत्र बरोबर ठेवावे. एका जिप्सीत सहाच प्रवासी बसतात; म्हणजे अठरा जणांच्या मंडळीस तीन गाड्या लागतील, आणि कोण कोणत्या गाडीत, हा वाद गेटवर न घालता आदल्या रात्रीच मिटवावा.

आत गेल्यावर वाघ दिसेलच असे नाही. असे का, हे एकदा समजले की मनाची चुटपूट पुष्कळ कमी होते. वाघ एकटा राहतो, आणि पोटासाठी त्यास साधारणपणे आठवड्याला एक मोठे जनावर लागते. तेवढी चितळे-सांबरे पोसणारे रान प्रत्येक वाघास हवे. म्हणून वाघ एका जागी गोळा होऊन राहत नाहीत, विखुरलेले असतात. शिवाय गाभ्याचा थोडाच भाग पर्यटकांसाठी खुला असतो. त्यातही गाडीने रस्ता सोडावयाचा नसतो. तेव्हा वाघ दिसणे हा योग आहे. परंतु वाघ असल्याच्या खुणा दिसणे हा योग नव्हे. त्या पाहण्याचे शिक्षण आहे.

धुळीच्या रस्त्यावर वाघाचे पाऊल उमटते. चार बोटे आणि मागे मोठी गादी. नखे उमटत नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो. कुत्र्याच्या पावलात नखे दिसतात. झाडाच्या सालीवर उभे ओरखडे असतात. ती त्याच्या हद्दीची खूण. आणि सर्वांत मोठी खूण कानाची. वाघ चालू लागला की वानर झाडावरून खाकरते, चितळ तीव्र स्वरात ओरडते. चितळ भित्रे, ते कधी उगीचही ओरडते. पण सांबर ओरडले की गाइड हात वर करतो आणि हलकेच म्हणतो, "थांबा काका, बोलू नका, सांबर देतंय आवाज." त्या वेळी गाडीचे यंत्र बंद होते, सहा माणसे श्वास रोखून बसतात, आणि सारे रान एकाच दिशेकडे कान लावून आहे असे वाटते. पट्टे दिसोत वा न दिसोत, वाघ तेथे आहे हे सर्वांस ठाऊक असते. ज्याने हे अनुभवले त्यास 'वाघ दिसला का?' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही.

ज्यांस हे ठाऊक नसते, ते मात्र दुसरी फेरी संपत आली की चालकास गळ घालू लागतात : "अहो, जरा पुढे घ्या की, चार पैसे जास्त देऊ." चालक आणि गाइड हे बहुधा भोवतालच्या खेड्यांतील असतात. पैशाच्या लोभाने त्याने नियम मोडला आणि गाडी वाघाच्या वाटेत आडवी घातली, तर शिक्षा त्यास होते, पर्यटक घरी निघून जातो. मोबाइल आत नेण्यास ताडोब्यात मनाई केली गेली, तीही याच कारणाने. एका गाडीस वाघ दिसला की निरोप फिरत, आणि दहा गाड्या एका जागी येऊन वाघास वाट उरत नसे.

याच खेड्यांसंबंधी आणखी एक गोष्ट सहलीला जाणाऱ्याने मनाशी बाळगली पाहिजे. तो ज्या वाघाची तीन तास वाट पाहतो, त्याच्या शेजारात ती माणसे बाराही महिने राहतात. मोहाची फुले वेचावयास, तेंदूची पाने तोडावयास, गुरे राखावयास रानात गेलेली माणसे चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात मरण पावतात. देशातील वाघांची संख्या २००६ च्या गणनेत १,४११ होती. २०२२ च्या गणनेत ती किमान ३,१६७ भरली. महाराष्ट्रात ती याच काळात १०३ वरून ४४४ वर गेली. हे आकडे ऐकून शहरातील माणसास आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या आनंदाची किंमत कोणाच्या घरी भरली जाते, याचेही भान असावे. प्रवाशाने गाइडास मान द्यावा, गावातल्या घरी जेवावे, तेथील बायकांनी केलेल्या वस्तू घासाघीस न करता घ्याव्या. वाघ जिवंत राहण्यात गावचा काही लाभ आहे, असे गावास वाटले तरच वाघ जगेल.

ही गणना कशी होते तेही सांगण्याजोगे आहे. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे ते प्रत्येकाचे वेगळे. रानात झाडांना स्वयंचलित कॅमेरे बांधतात आणि उमटलेली चित्रे ताडून वाघ ओळखतात. या ओळखीमुळेच एक अशी हकीकत हाती आली आहे, की तिने ही सहल जणू उलट दिशेने पुरी केली.

यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर नावाचे लहानसे अभयारण्य आहे. तेथील एका तरुण नराच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये संशोधकांनी माग सांगणारा पट्टा बांधला. त्याचे नाव कागदोपत्री सी-१. पावसाळा लागताच तो स्वतःची जागा शोधावयास निघाला. शेते, ओढे, महामार्ग, रेल्वेमार्ग ओलांडीत, बहुधा रात्री चालत आणि दिवसा दडून राहत, विदर्भ, तेलंगण व मराठवाडा तुडवून तो त्या वर्षाच्या डिसेंबरापर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर चालला, आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. जालना जिल्ह्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात! तेथे दुसरा वाघ नव्हता. पुढे २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यातही एका वाघाचे चित्र कॅमेऱ्यात उमटले. तोही टिपेश्वरचाच निघाला.

म्हणजे जालन्याची मंडळी गाडी करून वाघाकडे निघते, तेव्हा वाघ पायी इकडे येऊ पाहत असतो. ज्या डोंगरांत १८१९ मध्ये त्याची शिकार होत होती, त्याच डोंगरांच्या रांगेकडे तो परत वळला आहे. तो येथे राहील की नाही, हे ताडोब्यात ठरणार नाही. इकडच्या ओढ्याकाठची झाडी राहते की तुटते, विहिरींना कठडे असतात की नाही, कुंपणात वीज सोडली जाते की नाही, आणि 'वाघ आला' असे कळताच गाव लाठ्या घेऊन धावते की वनखात्यास कळविते, यावर ते ठरेल.

अन्व्याच्या देवळाचेही तसेच आहे. ते मार्कंड्याच्या यात्रेने वाचणार नाही. जालन्याचा माणूस तेथे जाऊन कोनाड्यापुढे थांबला, मुलास हात मोजावयास शिकविले, भिंतीवर कोणी नाव कोरू लागला तर त्यास हटकले, तरच ते वाचेल.

सहलीचा खरा हिशेब तेव्हा परतल्यावर लागतो. पाच दिवसांनी गाडी जालन्यात येऊन थांबली, सामान उतरले आणि शेजाऱ्याने 'वाघ दिसला का?' असे विचारले, तर वाघ दिसला असो वा नसो, उत्तर देणाऱ्याने शेजाऱ्यास पुढील रविवारी अन्व्यास घेऊन जावे. तेथून अजिंठ्याचे डोंगर ओळीने दिसतात. त्यांच्याकडे बोट दाखवून त्याने खुशाल सांगावे की, वाघ त्या बाजूने येतो आहे; आपण त्याच्यासाठी वाट मोकळी ठेविली पाहिजे.